हळदीकुंकवापासून सदनापर्यंत

‘क्लब’ हा शब्द आपल्या भाषेत आला तो इंग्रज अंमलदारांच्या पाठोपाठ. जेथे छावणी पडली तेथे क्लब उभा राहिला. बंगळूरच्या छावणीतील क्लब १८६८ सालचा आहे. या क्लबांना स्वतःची इमारत असे, सभासदांची यादी असे, आणि दारावर कोणाला आत घ्यावयाचे व कोणाला नाही याचा नियम असे. आपल्याकडील शिकलेल्या पुरुषांनी क्लबाची ऐट उचलली नाही. परंतु एकत्र बसण्यासाठी कायमची जागा असावी, ही त्यामागची कल्पना त्यांना पटलेली होती. पुण्यात १८४८ सालीच नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली होती. १८७० साली सार्वजनिक सभा स्थापन झाली. वर्तमानपत्र वाचावयाचे, सरकारच्या एखाद्या कायद्यावर वाद घालावयाचा, अर्ज लिहावयाचा, तर गृहस्थाला उठून जाण्यासारखे एक ठिकाण होते.

त्याच गृहस्थाच्या पत्नीला मात्र तसे ठिकाण नव्हते. हे ठिकाण तिला कसे मिळाले, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आणि तो समजून घेतल्यावाचून आपल्या महिलामंडळांचा अर्थ नीटसा लागत नाही.

जुन्या पुणेरी वाड्याची रचनाच पाहा. दिंडीदरवाजातून आत आले की चौक, चौकाभोवती ओसरी आणि सोपा, वर दिवाणखाना. येथवर बाहेरच्या माणसाची ये-जा. त्यापलीकडे माजघर, देवघर, स्वयंपाकघर. हे स्त्रियांचे राज्य. वाडा कितीही ऐसपैस असो, चार घरच्या चार स्त्रियांनी येऊन निवांत बसावे आणि घरकामाव्यतिरिक्त काही बोलावे, वाचावे, अशी एकही खोली त्यात नसे. बैठक ही पुरुषांची होती, आणि माजघर हे कामाचे होते.

म्हणून स्त्रिया एकत्र येत नसत असे मात्र नाही. पाणवठा होता, देऊळ होते, पुराण आणि कीर्तन होते. मंगळागौर, चैत्रातले हळदीकुंकू, संक्रांतीचा तिळगूळ, डोहाळजेवण, बारसे, असे वर्षाचे बारा महिने काही ना काही निमित्त निघत असे. परंतु हे सारे निमित्ताने जमणे होते. निमित्त सरले की मेळावा मोडला. शिवाय या निमित्तांपैकी बहुतेकांना एक अट होती: येणारी स्त्री सौभाग्यवती असली पाहिजे. ज्या घरी हळदीकुंकू चालू असेल त्याच घरातील विधवा सून अथवा नणंद आतल्या अंधाऱ्या खोलीत बसून बांगड्यांचा आवाज ऐकत असे. त्या काळी बालविवाहामुळे दहा-बारा वर्षांच्या मुलीदेखील विधवा होत, हे लक्षात घेतले म्हणजे ही अट किती जणींना बाहेर ठेवीत होती याची कल्पना येते. ज्यांना कोणाच्या तरी सोबतीची सर्वांत अधिक गरज, त्यांनाच त्या सोबतीत मज्जाव होता.

मेळावा तर हवा, आणि ही अट तर नको. मग त्या मेळाव्याला आधार कशाचा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात महाराष्ट्रातील स्त्रियांची दोन पिढ्या खर्ची पडली.

पहिला प्रयत्न सावित्रीबाई फुले यांचा. भिडे यांच्या वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा काढल्यावर चारच वर्षांनी, १८५२ मध्ये, त्यांनी पुण्यात महिला सेवा मंडळ स्थापन केले. त्या वर्षीच्या संक्रांतीला या मंडळाने तिळगुळाचा समारंभ केला. पुण्याच्या कलेक्टरांच्या पत्नी त्याच्या अध्यक्षा होत्या. कोणत्याही जातीची स्त्री येवो, सर्वांना एकाच जाजमावर बसविण्यात येईल, असे त्याच्या निमंत्रणात आवर्जून सांगितले होते. समारंभ जुनाच, पण जाजम एकच! एवढ्या एका शब्दाने सावित्रीबाईंनी जातीच्या भिंतीला हात घातला. तथापि जाजम हे शेवटी गुंडाळून ठेवण्याचे. कायमची वास्तू या मंडळाच्या वाट्याला आली नाही.

पुढचा धागा नाशिकचा आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७८ च्या सुमारास तेथे बदलून गेले. त्यांच्या पत्नी रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. अकराव्या वर्षी, १८७३ साली, लग्न होऊन त्या पुण्यास आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने रात्री शिकवावे आणि दिवसा घरातील वडीलधाऱ्या बायकांनी त्यावरून बोलून घ्यावे, अशा रीतीने त्यांचे शिक्षण झाले. नाशिकला लोकहितवादी गोपाळराव हरि देशमुख न्यायखात्यातच होते. त्या घरच्या स्त्रिया आणि रमाबाई यांनी मिळून हळदीकुंकवाचे समारंभ आरंभिले. कुंकू लावून झाले की आलेल्या स्त्रियांना सीता, सावित्री यांच्या गोष्टी वाचून दाखवावयाच्या, शिक्षणाविषयी चार शब्द सांगावयाचे. येथे जुन्या निमित्ताला नवे काम जोडले गेले. ही युक्ती इतकी सोयीची होती की आजही आपली अनेक मंडळे तीच वापरतात.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या. चोवीस वर्षांची ही विदुषी नुकतीच विधवा झालेली, पदरी लहान मुलगी, आणि मुखी संस्कृत. त्यांनी त्याच वर्षी आर्य महिला समाजाची स्थापना केली. हळदीकुंकवाचा आधार न घेता, केवळ ऐकण्या-बोलण्यासाठी स्त्रियांनी आठवड्याच्या आठवड्यास जमावे, हा या समाजाचा हेतू. समाजाची प्रवर्तक स्वतःच विधवा असल्यामुळे सौभाग्याची अट आपोआपच गळून पडली. रमाबाई रानडे या सभांना जाऊ लागल्या. त्याबद्दल घरी त्यांना काय काय सोसावे लागले, हे त्यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात फार संयमाने लिहिले आहे. उलट उत्तर न देता ऐकून घ्यावयाचे, आणि पुढल्या सभेला पुन्हा जावयाचे, हाच त्यांचा प्रतिकार.

१८८४ साली हिराबागेत एक सभा झाली. मुलींसाठी हायस्कूल काढावे अशी मागणी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे मांडावयाची होती, आणि रमाबाई रानड्यांनी तेथे इंग्रजीतून पत्र वाचून दाखविले. हायस्कूल त्याच वर्षी निघाले. पेशव्यांचे खासे घोडे जेथे बांधीत त्या जागेवर पुढे ते स्थिरावले, म्हणून पुणेकर त्याला आजही ‘हुजूरपागा’ म्हणतात. मुलींना अशा रीतीने घर मिळाले. परंतु त्यांच्या आयांना, मावशांना, ज्यांचे शाळेचे वय टळून गेले होते त्या स्त्रियांना, हिराबाग त्या एका दिवसापुरतीच उघडली होती. सभा संपली आणि त्या आपापल्या माजघरात परतल्या.

पहिले ‘सदन’ काढले तेही पंडिता रमाबाईंनीच. १८८९ च्या मार्च महिन्यात मुंबईस शारदा सदन सुरू झाले. विधवांनी तेथे राहावे आणि शिकावे अशी योजना होती. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. रमाबाई तोवर ख्रिस्ती झालेल्या होत्या. धर्माच्या बाबतीत सदनात ढवळाढवळ होणार नाही असे ठरले होते. पण त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. या उघड्या दारावरून पुण्यात मोठे वादळ झाले. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखे सल्लागार सदनापासून दूर झाले आणि पुष्कळ मुलींना घरच्यांनी काढून नेले. कोणाची बाजू बरोबर, या वादात आज शिरण्याचे कारण नाही. स्त्रियांच्या वास्तूला केवळ छप्पर असून भागत नाही, ज्यांच्या लेकीसुनांनी तेथे यावयाचे त्यांचा विश्वासही तिच्या पायात भरावा लागतो, एवढे मात्र त्या प्रसंगाने सर्वांना शिकविले.

१८९३ साली न्यायमूर्ती रानडे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि हे कुटुंब मुंबईस गेले. १९०१ पर्यंतच्या या मुक्कामात रमाबाईंनी ‘हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब’ काढला. क्लब हा शब्द येथे स्त्रियांनी पहिल्यानेच आपल्या पाटीवर घेतला, आणि त्याचा अर्थ बदलून घेतला. या क्लबात भाषा शिकवीत, सामान्य ज्ञानाचे वर्ग असत, शिवणकाम व हस्तकाम असे. साहेबाच्या क्लबात कामावरून सुटलेला माणूस विसाव्यासाठी जात असे. या क्लबात कामात जुंपलेली बाई काही शिकण्यासाठी येत असे. नाव एक असले तरी दोन्हींच्या गरजा वेगळ्या होत्या.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती वारले. रमाबाई मुंबई सोडून पुण्यास, फुले मंडईजवळच्या आपल्या जुन्या वाड्यात परतल्या. त्यांचे वय चाळिशीच्या आत होते. सुमारे वर्षभर त्यांनी कोणत्याही सार्वजनिक कामात भाग घेतला नाही.

या वर्षाविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने मला ते महत्त्वाचे वाटते. नाशिकला ज्यांनी हळदीकुंकवाच्या ताटाभोवती स्त्रिया जमविल्या, त्यांनाच आता रूढीप्रमाणे त्या ताटापाशी जागा उरली नव्हती. निमित्ताने जमणाऱ्या मेळाव्याची उणीव इतरांनी विचाराने जाणली असेल. रमाबाईंच्या ती प्रत्यक्ष वाट्याला आली. त्यानंतर त्यांनी जे उभे केले त्याचा आधार सण नव्हता, व्रत नव्हते, तिथी नव्हती. त्याचा आधार घर होता.

१९०४ साली मुंबईस भारत महिला परिषद भरली तिच्या अध्यक्षस्थानी रमाबाई होत्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडूमल यांनी मुंबईत सेवासदन स्थापिले आणि त्याचे अध्यक्षपदही रमाबाईंकडे आले. पाठोपाठ २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात सेवासदन सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी त्याच्या चिटणिसाचे काम अंगावर घेतले. जागेसाठी कोठे शोधाशोध करावी लागली नाही. रमाबाईंनी आपल्या वाड्याचे दार उघडले.

या साध्या गोष्टीत मोठे शहाणपण होते. पुण्यातील एखादा सासरा आपल्या सुनेला सभागृहात पाठवावयास तयार झाला नसता. भाड्याच्या जागेत चालणाऱ्या वर्गाला पाठवावे की नाही, याचा त्याने दहा वेळा विचार केला असता. परंतु रानड्यांच्या वाड्यात रमाबाईंकडे जावयाचे, तर त्याला नाही म्हणणे कठीण होते. सून घराबाहेर पडत होती खरी, पण एका घरातून दुसऱ्या घरात जात होती. ज्या वाड्याच्या रचनेने स्त्रीला इतकी वर्षे बैठकीपासून दूर ठेवले, त्याच वाड्याची प्रतिष्ठा रमाबाईंनी तिच्या कामी लावली. चौक, सोपा आणि दिवाणखाना पाट्यापेन्सिलींनी व शिवणाच्या कापडांनी भरून गेला. संस्थेच्या नावात ‘सदन’ हा शब्द होता, आणि तो अक्षरशः खरा होता.

येथे येणाऱ्यांत मोठ्या वयाच्या विवाहित स्त्रिया होत्या, विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. घरचे जेवणखाण आटोपल्यावर सापडणाऱ्या दुपारच्या वेळात कोणी बाराखडी गिरवीत असे, तर कोणी प्राथमिक शिक्षिकेच्या परीक्षेची तयारी करीत असे. हळदीकुंकवाला जिला बोलावणे येत नसे तिलाही येथे हजेरीपटावर नाव होते. हजेरीपट सौभाग्य विचारीत नाही, हा या संस्थेचा खरा क्रांतिकारक विशेष. त्याचा गाजावाजा झाला नाही, कारण तो कोणी सिद्धांत म्हणून मांडलाच नाही.

पुढचे पाऊल अधिक धीटपणाचे होते. सेवासदनाने स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी ससून रुग्णालयात पाठविण्यास आरंभ केला. परक्या माणसाच्या जखमा धुवावयाच्या, रात्रपाळी करावयाची, जातपात न पाहता सर्वांना स्पर्श करावयाचा. मध्यमवर्गीय घरांना हा व्यवसाय त्या काळी हलका वाटत असे. त्यांच्यासाठी वसतिगृह काढावे लागले. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींसाठी आणखी एक निघाले. एकट्या बाईला शहरात राहावयास मानाची जागा असावी, हा विचार येथे पुण्याच्या अंगवळणी पडू लागला.

तो सहजासहजी पडला नाही. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभातील प्रसंग सांगण्यासारखा आहे. केशवपन केलेली, साधे लुगडे नेसलेली एक विधवा विद्यार्थिनी आपले प्रमाणपत्र घेण्यास व्यासपीठावर आली, तेव्हा गॅलरीतून कॉलेजातील तरुणांनी तिची टर उडविली. समारंभाच्या अखेरीस रमाबाई बोलावयास उठल्या. ज्यांना आपल्याच बहिणींच्या दुःखाविषयी कणव नाही त्यांना सुशिक्षित कसे म्हणावे, असे त्यांनी त्या तरुणांना विचारले. अशी बहीण, आत्या अथवा मावशी प्रत्येकाच्या घरी आहे, याची आठवण त्यांनी करून दिली. सभा स्तब्ध झाली. ज्या बाईंनी तरुणपणी सासरघरच्या बोलण्याला कधी उलट उत्तर दिले नाही, त्या आता दुसरीसाठी भर सभेत बोलत होत्या.

१९१५ साली पुणे सेवासदन नोंदलेली संस्था झाली. संस्थेचा व्याप घराबाहेरही वाढत होता. रमाबाई येरवड्याच्या तुरुंगात स्त्री-कैद्यांना भेटावयास जात. आळंदीच्या यात्रेत सेवासदनाच्या स्वयंसेविका वारकरी स्त्रियांच्या मदतीला असत. १९२० साली मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न पुणे म्युनिसिपालिटीपुढे आला तेव्हा शहरातील स्त्रियांनी मिरवणूक काढून आपली मागणी मांडली. रमाबाई त्यांच्या अग्रभागी होत्या. स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा यासाठीही त्या झटल्या. दुपारी पाटी घेऊन बसणाऱ्या बायकाच या मिरवणुकीत चालत होत्या, हे ध्यानात घेतले पाहिजे. रोज भेटण्याची जागा असल्यावाचून अशी माणसे एका दिवशी रस्त्यावर आणता येत नाहीत.

१९२४ साली रमाबाई वारल्या तेव्हा सेवासदनात हजारावर विद्यार्थिनी शिकत होत्या. लक्ष्मी रस्त्यावर संस्थेची वास्तू झाली, आणि तेथील चौकाला ‘सेवासदन चौक’ असे नाव पडले. कापडाच्या खरेदीला आलेली बाई रिक्षावाल्याला हे नाव सांगते तेव्हा त्यामागची हकीगत तिला ठाऊक असतेच असे नाही. पुढे एरंडवण्यातही संस्थेचा विस्तार झाला. सोलापूरला सेवासदन झाले; नागपूरला १९२७ साली रमाबाई तांबे यांनी सेवासदन काढले. मुंबईचे सेवासदन गावदेवीस आहे, आणि ज्या रस्त्यावर ते उभे आहे त्याला पंडिता रमाबाईंचे नाव आहे. १८८२ साली सुरू झालेल्या सभेची ही एका परीने पोचपावतीच होय.

या इतिहासातील उणी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. या संस्थांत प्रारंभीच्या काळात आल्या त्या प्रामुख्याने पांढरपेशा घरांतील स्त्रिया. वाड्याच्या प्रतिष्ठेचा आधार घेतला की त्या प्रतिष्ठेची मर्यादाही पत्करावी लागते. रानड्यांच्या वाड्यात कोणाची सून निःशंकपणे येईल आणि कोणाची बिचकेल, हे त्या काळच्या समाजाने आधीच ठरवून ठेवले होते. सावित्रीबाईंजवळ जाजम होते, घर नव्हते. रमाबाईंजवळ घर होते, पण सगळे पुणे बसेल असे जाजम त्यात अंथरावयास आणखी वेळ लागणार होता. दोघींची कामे एकमेकींशेजारी ठेवून पाहिली म्हणजेच चित्र पुरे होते.

आता महाराष्ट्राबाहेर पाहू. बंगळूरला १९१३ साली महिला सेवा समाज निघाला. म्हणजे एकट्या पुण्याची ही गरज नव्हती. आज त्याच बंगळूरच्या इंदिरानगरात, किंवा इंदूर, बडोदे, भोपाळ, हैदराबाद अशा शहरांत राहणाऱ्या मराठी स्त्रिया चैत्रात आणि संक्रांतीला एकमेकींना बोलावतात. परक्या भाषेच्या शहरात आपल्या भाषेतली दोन माणसे भेटावीत, एवढ्यासाठी हे निमित्त फार मोलाचे आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. नाशिकच्या त्या समारंभांची परंपरा त्यातही आहे.

परंतु निमित्त आणि घर यांतील फरक आपल्या मंडळांनी विसरू नये असे वाटते. एखाद्या मंडळाला मोठी इमारत असते आणि तिचे दार वर्षातून चारदा उघडते. एखाद्या मंडळाजवळ सोसायटीची एक खोली असते आणि तेथे दर बुधवारी दहा जणी वाचतात, शिकतात, एकीच्या अडचणीला नऊ जणी धावतात. यांपैकी घर कोणाजवळ आहे, हे विटांवरून सांगता येणार नाही. ज्या दिवशी काहीच सण नाही त्या दिवशी दार उघडे असते का, आणि जिला कोणीच बोलावणे पाठवीत नाही ती आत येऊ शकते का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून ते ठरते. फुले मंडईजवळच्या त्या वाड्याने १९०९ साली दोन्ही प्रश्नांना होकार दिला होता.